दुसऱ्याच्या खात्यावरील उधारी

वाणसामानाचे पैसे देता न येणे ही गरिबीची अशी अवस्था आहे की तिची नोंद सरकारी आकडेवारीत होण्याच्या पुष्कळ आधी कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वहीत झालेली असते. पीठ, तेल, चहा, साखर आणि साबण एवढ्यासाठीही रोख पैसे नसलेले कुटुंब उपाशी राहण्यापूर्वी उधारी करते, आणि पगार किंवा मजुरी हाती आल्यावर ही उधारी फिटत राहते तोवर तिला कोणी संकट म्हणत नाही. ती फिटेनाशी झाली की ग्राहक त्या दुकानासमोरून जाण्याचे टाळतो, सामान आणायला मुलांना पाठवतो, आणि अखेरीस दूरच्या एखाद्या दुकानातून रोखीने पावशेर-अर्धा किलो आणू लागतो. अशा कुटुंबाला अनोळखी माणसाने मदत करायची म्हटले, तर देणाऱ्याला गरजू कोण हे ठाऊक नसते आणि गरजूला आपण ओळखले जाऊ नये असे वाटत असते. या दुहेरी अडचणीवर तुर्कस्तानात जी तोड काढली गेली ती जगातील अनेक गाजलेल्या योजनांपेक्षा साधी असून तिच्या मर्यादाही तितक्याच बोलक्या आहेत.

तुर्की शहरांतील गल्लीतल्या किराणा दुकानदाराला ‘बक्काल’ म्हणतात, उधारीवर माल देण्याच्या व्यवहाराला ‘वेरेसिये’, आणि ज्या वहीत ही उधारी लिहिली जाते तिला ‘वेरेसिये देफ्तेरी’. उस्मानी काळात अशा वहीला ‘झिमेम देफ्तेरी’ असे नाव होते. झिमेम म्हणजे माणसाच्या शिरावरची देणी, आणि देफ्तेर हे मराठीतल्या दफ्तराचेच भावंड. या वहीशी जोडलेली जी प्रथा तुर्की समाजाच्या स्मृतीत टिकून आहे ती अशी सांगितली जाते : रमजानच्या महिन्यात एखादा सधन माणूस, आपल्याला कोणी ओळखणार नाही अशा दूरच्या मोहल्ल्यात जाऊन, तिथल्या बक्कालाकडे उधारीची वही मागत असे, सुरुवातीची काही पाने, मधली काही आणि शेवटची काही अशी बेरीज करायला सांगत असे, आणि आलेली रक्कम चुकती करून ती पाने खोडायला किंवा फाडायला लावून नाव न सांगता निघून जात असे. ज्याचे देणे फिटले त्याला ते कोणी फेडले हे कळत नसे, आणि ज्याने फेडले त्याला ते कोणाचे होते हे ठाऊक नसे. ही प्रथा आजही पुरती लोपलेली नाही. रमजानात कुठल्या तरी वस्तीतल्या दुकानांच्या वह्या अज्ञात दात्याने कोऱ्या केल्याच्या बातम्या तुर्की वर्तमानपत्रांत येतात, आणि काही नगरपालिका व धर्मादाय संस्था याच नावाने मोहिमा चालवतात. संस्थेने मोहीम चालवली की फलक आणि छायाचित्रे आलीच, हे मात्र मूळ प्रथेच्या उलट आहे.

वरवर पाहता भाबड्या वाटणाऱ्या या पद्धतीत काही गोष्टी मोठ्या चातुर्याने बसवलेल्या आहेत. पाने कशीही निवडल्यामुळे लायक गरीब आणि नालायक गरीब असा निवाडा करण्याची संधीच दात्याला राहत नाही, आणि दानशूर माणसाला सर्वांत जास्त मोह याच निवाड्याचा असतो. दुसरे असे की फेडले जाते ते मागील महिन्यांत खाऊन झालेल्या अन्नाचे मोल, त्यामुळे कोणी काय खावे हे देणारा ठरवू शकत नाही. धान्याचे संच वाटणाऱ्या संस्था तांदूळ किती, डाळ कोणती आणि चहापत्ती द्यावी की नाही हे स्वतः ठरवतात. वहीतील नोंद ही घराने स्वतः केलेल्या निवडीची असते. तिसरी गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही, पण तीच या व्यवस्थेला टिकवून धरते : या दानाचा पहिला लाभार्थी दुकानदार असतो. ज्या उधारीवर त्याने मनातल्या मनात पाणी सोडलेले असते ती रोखीने हाती पडते, त्या पैशातून घाऊक व्यापाऱ्याचे देणे भागते, आणि त्याच ग्राहकांना पुन्हा उधार देण्याची त्याची ऐपत परत येते.

मर्यादाही याच रचनेतून निघतात. बक्काल उधार देतो तो विश्वासातल्या माणसाला, म्हणजे ज्याचे घर ठाऊक आहे, ज्याने पूर्वी कधी तरी फेड केली आहे अशाला. काल शहरात आलेला मजूर, निर्वासित, भाड्याची खोली महिन्या-महिन्याला बदलणारा माणूस यांची नावे वहीत नसतातच. वही दुकानदाराच्या भरवशाची यादी असते, आणि भरवसा आणि गरज या दोन गोष्टी नेहमी एका घरात नांदत नाहीत. उलट चांगली मिळकत असूनही केवळ आळसाने बाकी ठेवणारा गिऱ्हाईकही त्याच पानावर असू शकतो. प्रथा पाळणाऱ्यांनी ही गळती मान्य केलेली दिसते, आणि ते योग्यच म्हणावे लागेल, कारण ती बंद करायची तर प्रत्येक नावाची चौकशी करावी लागेल आणि मग या पद्धतीत राखण्यासारखे फारसे काही उरणार नाही.

या प्रथेमागे धर्मविचाराचे भक्कम बळ आहे. कुराणात जकात, म्हणजे शिलकी संपत्तीवरील बंधनकारक दान, कोणाला द्यावे याचे जे आठ वर्ग सांगितले आहेत त्यांत कर्जबाजारी माणसाचा स्वतंत्र उल्लेख आहे, उघड दानापेक्षा गुप्त दान श्रेष्ठ मानले आहे, आणि अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्यावी, माफ करता आले तर अधिक चांगले, असाही उपदेश आहे. तरीही शास्त्राची बाजू वाटते तितकी सरळ नाही. तुर्कस्तानात बहुसंख्य लोक ज्या हनफी न्यायशास्त्राला मानतात त्यानुसार जकात गरजूच्या मालकीत यावी लागते, त्यामुळे त्याच्या संमतीवाचून परस्पर फेडलेले कर्ज जकातीच्या हिशेबात धरता येत नाही. ते सदका, म्हणजे ऐच्छिक दान, ठरते. अनामिकतेची किंमत म्हणून दात्याला आपले बंधनकारक दान वेगळे द्यावे लागते, असा याचा अर्थ.

ज्यू परंपरेत याच प्रश्नाची सर्वांत नेटकी मांडणी मायमोनिदीस या बाराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ-वैद्याने केली. त्याने ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात दानाच्या आठ पायऱ्या लावल्या असून कुरकुरत दिलेले दान सर्वांत खाली ठेवले आहे आणि देणारा व घेणारा यांना एकमेकांची ओळख नसलेले दान वरून दुसऱ्या पायरीवर. म्हणजे तुर्की वहीचे दान त्याच्या शिडीवर जवळजवळ शेंड्याला पोहोचते, पण शेंड्याला नाही. सर्वांत वरच्या पायरीवर त्याने कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला दुसऱ्यापुढे हात पसरण्याची वेळच येऊ न देणे याला बसवले आहे. हा क्रम पुढे मुंबईच्या संदर्भात उपयोगी पडेल.

उस्मानी साम्राज्यात अन्नदानाच्या मोठ्या आणि वैभवशाली संस्था नव्हत्या असे नाही. ‘इमारेत’ नावाची सार्वजनिक स्वयंपाकघरे मशिदी आणि मदरशांना जोडून उभारली जात, आणि सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम हिने जेरुसलेममध्ये 1552 च्या सुमारास स्थापन केलेल्या इमारेतमध्ये रोज दोन वेळा रस्सा आणि पाव वाटला जाई. पण तिथे कोणी आधी जेवायचे याची उतरंड ठरलेली असे, कर्मचारी आणि पाहुणे आधी व गरीब नंतर. शिवाय रांगेत उभा राहिलेला माणूस गावाला दिसतच असे. याच्या दुसऱ्या टोकाला ‘सदका ताशी’ हे दगडी खांब होते, ज्यांच्या माथ्यावरील खोलगट जागेत अंधार पडल्यावर कोणी नाणी ठेवी आणि कोणी गरजेपुरती उचलून नेई. इस्तंबूलच्या उस्कुदार भागात असे खांब आजही पाहायला मिळतात. खांबावर हात गेला तर तो ठेवणाऱ्याचा की घेणाऱ्याचा हे पाहणाऱ्याला सांगता येऊ नये, ही त्यातली योजकता.

पावाच्या बाबतीत हीच कल्पना ‘आस्कीदा एक्मेक’, म्हणजे टांगलेला पाव, या नावाने रोजच्या व्यवहारात उतरली. भट्टीवाल्याकडे दोन पावांचे पैसे देऊन एकच घेऊन जायचे. दुसरा ‘टांगून’ ठेवला जातो, आणि ज्याला गरज असेल तो येऊन टांगलेला पाव आहे का एवढेच विचारतो. तुर्की जेवणात पावाचे स्थान आपल्याकडच्या भाकरी-पोळीचे असल्याने आणि एका पावाची किंमत दात्याला जाणवण्याइतकी नसल्याने, ज्याला कोणाचे अख्खे खाते फेडणे झेपणार नाही असा कारकून किंवा विद्यार्थीही इथे दाता होतो. पण वही आणि पाव यांत एक फरक आहे : पाव मागायला गरजूला तोंड उघडावे लागते, वहीच्या बाबतीत त्याला काहीच करावे लागत नाही.

इटलीतील नेपल्स शहरात ‘काफे सोस्पेझो’, म्हणजे दुसऱ्यासाठी पैसे भरून राखून ठेवलेली कॉफी, ही चाल फार जुनी असून लुचियानो दे क्रेशेंझो या नेपल्सच्या लेखकाच्या 2008 मधील पुस्तकाला तिचेच नाव आहे. कॉफी ही अर्थात किराण्यातली निकड नाही. परंतु 2020 च्या वसंतात करोनाच्या टाळेबंदीने रोजंदारीवरची माणसे घरी बसली तेव्हा याच शहराने ती चाल वाणसामानापर्यंत नेली. दुकानांत ‘स्पेझा सोस्पेझा’, म्हणजे राखून ठेवलेला किराणा, सुरू झाला आणि जुन्या वस्तीतील गल्ल्यांत गॅलरीतून दोरीने खाली सोडलेल्या टोपल्यांत पास्ता, टोमॅटोचे डबे, पाव दिसू लागले, ज्याला शक्य आहे त्याने ठेवावे आणि ज्याला शक्य नाही त्याने घ्यावे अशी चिठ्ठी लावलेले. त्या चिठ्ठीतील विचार नेपल्सकर ज्युझेप्पे मोस्काती या डॉक्टरशी जोडतात. मोस्काती 1927 मध्ये वारले आणि 1987 मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले. त्यांच्या दवाखान्यात रुग्णांसाठी असाच पैशांचा साठा उघडा ठेवलेला असे, असे सांगतात.

2020 च्याच मे महिन्यात, रमजान चालू असताना, इस्तंबूलच्या महानगरपालिकेने ‘आस्कीदा फातुरा’, म्हणजे टांगलेले बिल, ही योजना संगणकावर आणली. पाणी आणि गॅसचे बिल भरू न शकणाऱ्याने ते नोंदवायचे, पालिकेने अर्जदाराची गरज तपासायची, आणि कोणीही नागरिकाने त्यातील एखादे बिल भरून टाकायचे, दोघांची नावे एकमेकांना न कळता. पुढे तिच्यात कुटुंब, बाळ-बाळंतीण आणि विद्यार्थी यांच्यासाठीच्या मदतीचीही भर पडली. वहीची युक्ती इथे लाखो लोकांच्या शहराला लागू झाली, पण बक्कालाची जागा पालिकेच्या छाननीने घेतली, आणि गरजूला आपली परिस्थिती सरकारदरबारी सांगणे भाग पडले. दात्यासमोरची अनामिकता टिकली, कार्यालयासमोरची गेली.

गरज कोणी ठरवायची हाच या सगळ्या योजनांचा कळीचा मुद्दा असून त्याचे सर्वांत औपचारिक उत्तर ब्रिटनमध्ये सापडते. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेने 2000 साली सॉल्झबरी गावात पहिली अन्नपेढी सुरू केली. अन्नपेढी म्हणजे दान आलेले टिकाऊ खाद्यपदार्थ साठवून गरजूंना देणारे केंद्र. तिथे सरळ जाऊन सामान मागता येत नाही. डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा सल्ला केंद्र यांच्याकडून चिठ्ठी आणावी लागते, आणि तिच्यावर साधारण तीन दिवसांचे अन्न मिळते. 2023-24 या एका वर्षात या जाळ्यातून 31 लाखांहून अधिक शिधासंच दिले गेले, आणि हा आकडा संस्थेने अभिमानाने सांगण्याऐवजी तक्रार म्हणून सरकारपुढे ठेवला, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. अमेरिकेने 1939 मध्येच रॉचेस्टर शहरात सरकारी अन्नकुपने काढली होती, पण दुकानात सर्वांसमोर रंगीत कुपन पुढे करण्याची लाज जायला पुढची सहा दशके लागली. 2004 पर्यंत सर्व राज्यांत कुपनांऐवजी बँकेच्या कार्डासारखे कार्ड आले, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पैसे कोणाचे आहेत हे कळेनासे झाले.

बक्कालाची वही स्वतः मात्र आज अडचणीत आहे. 1995 साली सुरू झालेल्या बिम आणि 2008 साली आलेल्या ए 101 यांसारख्या स्वस्त विक्रीच्या साखळ्या तुर्की गल्लीबोळांत पोहोचल्या असून त्यांच्याकडे भाव कमी असले तरी गल्ल्यावरच्या पगारी मुलाला कोणाच्या नावावर उधार लिहिण्याचा अधिकार नसतो. त्यात 2022 च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानातील वार्षिक महागाईचा अधिकृत दर 85 टक्क्यांच्या वर गेला. अशा महागाईत आज दिलेल्या तेलाच्या डब्याचे पैसे तीन महिन्यांनी मिळाले तर त्या पैशांत तितकेच तेल परत भरता येत नाही, म्हणून ज्या काळात लोकांना उधारीची सर्वाधिक गरज असते त्याच काळात उधारी देणारा बुडतो. बिनव्याजी उधार हे तेव्हा दुकानदाराने गल्लीला दिलेले न बोललेले दानच असते.

मराठी वाचकाला ही वही परकी नाही. मुंबईच्या गिरणगावात वाण्याची उधारी ही सोय नव्हती, ती जगण्याची अटच होती, कारण गिरण्यांमध्ये पगार महिन्याने होई आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हाती येई, म्हणजे नव्याने लागलेल्या कामगाराला पहिले सहा आठवडे वाण्याच्या भरवशावरच काढावे लागत. गिरणगावाचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी वस्तीतील या उधारीच्या जाळ्याकडे लक्ष वेधले आहे. 1928 चा संप सुमारे सहा महिने चालू शकला यामागे जी अनेक कारणे होती त्यांत दुकानदार किती काळ थांबायला तयार होते हेही होते. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा वाण्यांची ताकद कामगारांच्या आधी संपली, आणि हजारो कुटुंबांनी कोकणातल्या व देशावरच्या गावांची वाट धरली. अनोळखी माणसाने येऊन वह्या कोऱ्या कराव्यात अशी प्रथा गिरणगावात नव्हती, आणि असती तरी इतक्या मोठ्या बुडीत रकमेपुढे ती टिकली नसती.

गिरणगावाने वहीची दुसरी बाजूही दाखवली, जी तुर्की कथांमध्ये सहसा येत नाही. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका धान्य-किराणा उधारीवर घेत, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव लावताना वाणी हात राखत नसे. फेड होई त्याच्या आधीच नवी बाकी चढे, दुकान बदलण्याची सोय नसे, आणि दागिने व भांडी गहाण पडत. इथे एखाद्या उदार माणसाने खाते फेडले असते तरी पुढच्याच सकाळी त्याच चढ्या भावाने नवे पान सुरू झाले असते. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा वाण्याच्या अटींवर अवलंबून राहण्याची त्यांची गरज सुटू लागली. मायमोनिदीसने कर्ज देण्याला गुप्त दानाच्याही वर का ठेवले असावे, याचे इतके चपखल उदाहरण दुसरीकडे मिळणे कठीण.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर रेशनवर प्राधान्य कुटुंबातील माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क झाला, आणि 2023 पासून ते मोफतही मिळते. तरीही तेल, डाळ, साखर, चहा, मीठमसाला आणि साबण यांची बाजू उघडीच राहते. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेलाचा ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत दिला तो याच उणिवेची कबुली देणारा होता. ही उणीव गल्लीतला किराणा दुकानदारच भरून काढतो, आणि दारावर ‘आज रोख उद्या उधार’ अशी पाटी लावणाऱ्याच्याही गल्ल्याखाली बहुधा एक वही असतेच.

ज्या वाचकाला ही तुर्की रीत आपल्या गावात करून पाहावीशी वाटेल त्याने आपल्या नेहमीच्या दुकानात न जाता वस्तीपासून दूरचे दुकान निवडावे, वही स्वतः चाळू नये, दुकानदाराने मनाला येईल ती पाने घेऊन सांगितलेली बेरीज तेवढी ऐकावी, आणि आपल्या डोळ्यांसमोर त्या पानांवर रेघ मारून घ्यावी. दुकानदार मोबाइलवर हिशेब ठेवत असेल तर थकबाकीदाराच्या फोनवर संदेश जाण्याचा संभव असतो, म्हणून त्यात देणाऱ्याचे नाव घालू नये असे त्याला बजावावे. पैसे रोख द्यावेत, कारण फोनवरून भरणा केला की देणाऱ्याचे नाव दुकानदाराच्या पडद्यावर उमटते.